तांबं जास्त, खाण नाही : एमएस्सी प्रकल्पाच्या नोंदी

२ डिसेंबर २०२४, नांदेड

विषय शेवटी ठरला. मी ‘देगलूर परिसरातील ग्रॅनाइटचा अभ्यास’ असं लिहून नेलं होतं. सरांनी कागद परत सरकवला. "अभ्यास सगळेच करतात. प्रश्न काय आहे ते आण." मग स्वतःच उठून फळ्यावर तीन आकडे लिहिले. खंडांच्या कवचात तांबं सरासरी २७ पीपीएम. अँडीजसारख्या पर्वतरांगांतल्या अँडेसाइटात (तिथल्या ज्वालामुखींच्या दगडात) ५० च्या आसपास. आपल्या दख्खनच्या बेसाल्टात १०० ते २००, काही थरांत त्याहूनही जास्त. एक पीपीएम म्हणजे टनामागे एक ग्रॅम.

"आता सांग, तांब्याच्या मोठ्या खाणी चिलीत का? आपल्या काळ्या दगडात का नाहीत?"

मला सांगता आलं नाही. तोच प्रकल्प झाला. मी आणि माझा जोडीदार, दोघांत एक. नमुने दोन प्रकारचे: मुखेडकडचा बेसाल्ट आणि देगलूर-बिलोलीकडचे ग्रॅनाइट व पट्टिताश्म (नाइस, पट्टे दिसणारा जुना रूपांतरित दगड). पॉर्फिरी तांब्याच्या, म्हणजे चिलीतल्या खाणींच्या जातीच्या, शिलारसाची (वितळलेल्या दगडाची) आकडेवारी छापील शोधनिबंधांतून घ्यायची, कारण चिलीचं तिकीट कोणी काढून देणार नाही.

९ डिसेंबर

वाचन. पॉर्फिरी हे मुळात पोताचं नाव: बारीक दाण्यांच्या दगडात मोठमोठे स्फटिक रुतलेले. असा दगड जिथे जमिनीखाली एक ते चार-पाच किलोमीटरवर घुसून थिजला आणि त्याच्याभोवती तांबं साचलं, तो पॉर्फिरी तांब्याचा साठा. चुकिकामाता, एल टेनिएन्ते, एस्कोन्दिदा, अमेरिकेतलं बिंगहॅम, इंडोनेशियातलं ग्रासबर्ग, सगळे साठे याच जातीचे. जगाला मिळणाऱ्या तांब्यापैकी जवळजवळ तीन चतुर्थांश यांतून येतं.

आणि तरी दगड गरीबच. अर्धा टक्का तांबं असलं तरी खाण चालते. टनाला पाच किलो. पण बेसाल्टच्या दोनशे ग्रॅमपुढे पाच किलो म्हणजे पंचवीस पट. शिलारसात पन्नास ग्रॅम होतं तिथून पाच किलो, म्हणजे शंभर पट. हे शंभर पट गोळा करणारं कोण, एवढंच शोधायचं आहे.

१८ डिसेंबर, देगलूर

सकाळच्या लालपरीनं निघालो. नांदेड सोडलं की काळी माती हळूहळू पातळ होत जाते आणि देगलूरच्या अलीकडे शेतात गोल गोल धोंडे दिसायला लागतात, कुणी आणून ठेवल्यासारखे. इथे दख्खनचा थर झिजून संपतो आणि खालचा जुना पाया उघडा पडतो. तिकडे लातूर भागात हाच पाया बघायला छिद्र पाडावं लागलं. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला ६१७ मीटर खोल ड्रिलिंग झालं, त्यात ३३८ मीटर नुसता बेसाल्ट लागला, मग थोडा गाळाचा थर आणि त्याखाली पट्टिताश्म. आम्हाला मात्र बसमधून उतरून चालत जाता आलं.

जुन्या स्पीकरमधलं चुंबक दोऱ्याला बांधून नेलं होतं. इशिहारा या जपानी भूवैज्ञानिकानं १९७७ मध्ये ग्रॅनाइटांची दोन कुळं सांगितली, मॅग्नेटाइटवालं आणि इल्मेनाइटवालं (दोन्ही लोखंडाची खनिजं, पहिलं चुंबकाला चिकटतं). पहिल्याचा शिलारस ऑक्सिजनच्या बाबतीत श्रीमंत, आणि पॉर्फिरी तांबं त्याच कुळात सापडतं. खाणीवरचे काका बराच वेळ बघत होते.

"काय करायलाव गं पोरी? दगडाला लोहचुंबक चिकटतंय व्हय?"

"थोडं ओढतंय का बघायलाव काका."

करड्या दगडाकडे दोरा किंचित झुकला, गुलाबी ग्रॅनाइटजवळ तेवढाही नाही. काकांनी मग स्वतः तीन-चार धोंड्यांना लावून बघितलं आणि एक नमुना आम्हाला घ्यायला लावला. तो डी-७. नोंद: बेसाल्टला चुंबक छान चिकटतं, पण म्हणून बेसाल्ट ऑक्सिजनवाला ठरत नाही. ही कसोटी ग्रॅनाइटांपुरती.

जोडीदाराला गुलाबी ग्रॅनाइटात पिस्त्याच्या रंगाची शीर दिसली आणि तो ओरडलाच. एपिडोट, एक हिरवं खनिज. पॉर्फिरी साठ्याच्या बाहेरच्या पापुद्र्यात एपिडोट असतं हे खरं, पण साध्या भेगेत गरम पाणी फिरलं तरी ते तयार होतं. नमुना घेतला. पेढे आणले नाहीत.

२७ डिसेंबर, गावाकडे

चुलत्यांच्या शेतात विहिरीचं काम चालू आहे. मी दगडांचं शिकते हे गावभर झालेलं, त्यामुळे शेजारचे एक काका रुमालात बांधून हिरवा दगड घेऊन आले. काळ्या भोकाभोकांच्या दगडात भोकांच्या आतून हिरवट-निळसर अस्तर. "तांबं हाय बघ हे. भांड्याला कळंकतं तसंच हिरवं हाय का न्हाई?"

त्यांचं बोलणं वेडगळ नव्हतं. तांब्याची भांडी हिरवी पडतात हे घरोघरी माहीत असतं. पण हा सेलॅडोनाइट, बेसाल्टच्या भोकांत वाढणारं एक खनिज. त्याचा हिरवा रंग लोखंडाचा. सांगून पटेना म्हणून करून दाखवलं. कुटून पूड केली, लॅबमधून आणलेल्या सौम्य आम्लात घातली, वर घासून स्वच्छ केलेला खिळा बुडवला. दुसऱ्या वाटीत घरच्या तांब्याच्या गडव्यावरून खरवडलेला हिरवा कळंक, तेच आम्ल, तसाच खिळा. दहा मिनिटांत दुसऱ्या खिळ्यावर तांबूस पापुद्रा चढला. पहिला होता तसाच.

काका दोन्ही खिळे उजेडात धरून बघत बसले. मग म्हणाले, "बरं झालं. न्हाईतर विहीर ऱ्हायली असती बाजूला."

गडवा खरवडला म्हणून आईची बोलणी खाल्ली ती वेगळी.

६ जानेवारी २०२५

गंधकाचं प्रकरण आज डोक्यात शिरलं, तेही मेसमध्ये.

शिलारस वर येताना गार होतो, त्यातून स्फटिक गळतात, उरलेल्या रसात काही मूलद्रव्यं वाढत जातात. तांबंही तसं वाढायला हवं. पण रसात गंधक सल्फाइडच्या रूपात असेल तर एका टप्प्यावर ते मावेनासं होतं आणि सल्फाइडचे वेगळे थेंब सुटतात. या थेंबांना तांब्याची भयंकर ओढ. रसात एक भाग राहिला तर थेंबात कित्येक शे भाग, कधी हजाराच्या घरात. रस्श्यात तिखटाचा सगळा रंग तर्रीत जातो आणि तर्री काढून घेतली की खाली नुसतं फिकं पाणी उरतं, तसं. फरक इतकाच की ही तर्री जड असते, तळाला बसते. कवचाच्या तळाशी पंचवीस-तीस किलोमीटरवर तांबं थेंबांसोबत बसलं की वर पोचणाऱ्या रसात देण्यासारखं काही राहत नाही.

मग पॉर्फिरीच्या शिलारसानं तांबं वरपर्यंत आणलं कसं? तर ऑक्सिजनमुळे. तो पुरेसा असेल तर गंधक सल्फेटच्या रूपात राहतं आणि रसात सल्फाइडपेक्षा कित्येक पटींनी जास्त विरघळतं. तर्री सुटतच नाही, किंवा उशिरा आणि थोडी सुटते. याचा पुरावा ज्वालामुखीनंच दिला. १९९१ मध्ये फिलिपिन्समधला पिनातुबो फुटला तेव्हा त्याच्या ताज्या प्युमिसमध्ये (भोकाभोकांच्या हलक्या दगडात) अ‍ॅनहायड्राइटचे स्फटिक मिळाले. अ‍ॅनहायड्राइट म्हणजे कॅल्शियमचं सल्फेट. सल्फेटवाला रस असतो, हे त्यामुळे हातात धरून बघता आलं. (पावसात ते विरघळून जातं, म्हणून जुन्या राखेत सापडत नाही. ही गोष्ट मला फार आवडली.)

रात्री हिशेब मांडला. एक घन किलोमीटर शिलारस, ५० पीपीएम तांबं, घनता अडीच. तांबं भरतं सव्वा लाख टन. एक कोटी टनांचा साठा करायचा तर ८० घन किलोमीटर रस लागेल, तेही एक कणही वाया न जाता. जायकवाडीचा नाथसागर तुडुंब भरला तर २.९ घन किलोमीटर. म्हणजे सत्तावीस-अठ्ठावीस नाथसागर. प्रत्यक्षात याच्या दुप्पट-तिप्पट धरायला हवेत.

१५ जानेवारी

संक्रांतीची सुट्टी संपली. पाण्याबद्दल लिहायचं राहिलं होतं.

चिलीच्या किनाऱ्याखाली नाझ्का भूपट्ट तिरका खाली शिरतो. समुद्रतळाचा दगड ओला असतो, पाणी त्याच्या खनिजांतच बांधलेलं असतं. साधारण शंभर किलोमीटर खोलीपर्यंत ते पाणी सुटून वरच्या प्रावरणात (कवचाखालच्या जाड थरात) जातं आणि तिथे रस तयार होतो, वजनानं चार टक्के किंवा जास्त पाणी असलेला. दख्खनचा रस आला तो प्रावरणातल्या उष्ण उमाळ्यातून. जवळजवळ कोरडा.

पाण्यानं दोन कामं होतात. एक, प्लॅजिओक्लेज फेल्डस्पारचं स्फटिकीकरण लांबतं आणि हॉर्नब्लेंड हे काळं खनिज लवकर येतं. दोन, शेवटी रस वर येऊन दाब कमी झाला की पाणी वेगळं होऊन उसळतं. त्यात क्लोरीन असतो आणि क्लोरीनच्या संगतीनं तांबं पाण्यात उतरतं. दगडाला हजारो भेगा पाडत पाणी वर जातं, चारशे अंशांच्या आसपास गार झालं की त्याला तांबं झेपत नाही आणि ते कॅल्कोपायराइट (तांबं, लोखंड आणि गंधकाचं पिवळं खनिज) होऊन भेगांत बसतं. शंभर पट गोळा करणारा तो हाच. पाणीच नसेल तर तांबं कितीही असो, दगडभर विखुरलेलंच राहतं. आपल्या बेसाल्टात तेच झालंय.

पहिल्या कामाचा छाप मोजता येतो. स्ट्रॉन्शियम हे मूलद्रव्य प्लॅजिओक्लेजमध्ये शिरतं, यट्रियम हे दुसरं हॉर्नब्लेंडमध्ये. ओल्या रसात प्लॅजिओक्लेज मागे पडतं, म्हणून स्ट्रॉन्शियम रसातच राहतं आणि यट्रियम बाहेर जातं. दोघांचं गुणोत्तर चढतं. विशीच्या वर गेलं की पॉर्फिरी शोधणारे कान टवकारतात.

२९ जानेवारी

एक्सआरएफचे (क्ष-किरणांनी मूलद्रव्यं मोजणाऱ्या यंत्राचे) आकडे आले. नमुने बाहेरगावच्या एका प्रयोगशाळेत दिले होते, तीन आठवडे लागले.

ग्रॅनाइटांत तांबं तीन आकडी. सगळ्यांत. बेसाल्टच्या तोडीस तोड. जोडीदार म्हणाला, "देगलूरला खाण निघते आता. जमीन घेऊन ठेवू." मी हसले, पण रात्री झोप लागली नाही हे लिहून ठेवते. डी-७ सगळ्यात वर होता, खाणीवरच्या काकांनी निवडलेला.

३१ जानेवारी

सरांनी तक्ता एक मिनिटभर बघितला. तांब्यावर बोट ठेवलंच नाही, शेजारच्या रकान्यावर ठेवलं. "जस्त एवढं का वाढलं?"

प्रत्येक ग्रॅनाइटात तांबं अपेक्षेपेक्षा जितकं जास्त, त्याच्या निम्म्यानं जस्त जास्त. दर नमुन्यात तेच प्रमाण, दोनास एक. गुलाबी असो, करडा असो.

"तांबं दोन भाग, जस्त एक भाग. काय असतं हे?"

पितळ.

आम्ही पूड दोनशे मेशच्या (इंचाला दोनशे भोकांच्या) चाळणीतून चाळली होती आणि ती चाळणी पितळी आहे. जुनी, जाळी एका बाजूनं विरलेली. पूड खाली पडेना म्हणून मी ब्रशनं घासली होती. ग्रॅनाइटातला क्वार्ट्झ पितळेपेक्षा कितीतरी कठीण. त्यानं जाळी कानशीसारखी घासली. पन्नास ग्रॅम पुडीत शंभर पीपीएम वाढायला पाच मिलिग्रॅम तांबं पुरतं. दोन तिळांचं वजनही नाही. संक्रांतीचा तिळगूळ वाटत होतो तेव्हा आमची देगलूरची खाण प्रयोगशाळेच्या टेबलावर पडून होती.

बेसाल्टात क्वार्ट्झ नाही, शिवाय मुळातच तांबं जास्त, म्हणून तिथे गडबड दिसली नाही. दिसली नाही म्हणून नव्हती असं नाही. सगळेच नमुने परत.

४ फेब्रुवारी

खात्री करून घेतली. स्वच्छ पांढरी गारगोटी अकीकाच्या खलात कुटली, अर्धी तशीच ठेवली, अर्धी त्याच पितळी चाळणीतून तशीच ब्रशनं घासून काढली. लॅबच्या मामांनी भिंग आणून दिलं. न चाळलेली पूड साखरेसारखी पांढरी. चाळलेल्या पुडीत शोधत गेलं की अधूनमधून एक पिवळी चमक, वळलेली, बारीक सुरळीसारखी. सुतारानं रंधा मारल्यावर पडते तशी, फक्त केसाहून बारीक. मी पंधरा मिनिटं तेच बघत होते.

मामा म्हणाले, "ही चाळणी मी आलो तवापासून आहे." ते येऊन बावीस वर्षं झाली. किती प्रबंधांत हे पितळ असेल, कोण जाणे. तो विषय मी सरांसमोर काढला नाही.

१९ फेब्रुवारी

नायलॉनची चाळणी. सगळं पहिल्यापासून. पैसे पुन्हा आमचेच. ग्रॅनाइटांतलं तांबं दोन आकडी, तेही विशीच्या आत. डी-७ सुद्धा. बेसाल्ट आपल्या जागी, दीडशेच्या पुढे. फळ्यावरचा सरांचा प्रश्न परत जिवंत झाला.

२५ फेब्रुवारी

आता दुसरा सापळा. स्ट्रॉन्शियम-यट्रियमचं गुणोत्तर काढलं. बेसाल्ट खाली, दहाच्याही आत. गुलाबी ग्रॅनाइट खाली. पण करड्या पट्टिताश्माचे दोन नमुने थेट चाळिशीच्या वर. चुंबकाचा दोराही त्यांच्याकडेच झुकला होता. एकदा पोळल्यामुळे या वेळी मी जस्त आधी बघितलं. ठीक होतं. आकडा खरा होता.

खरा, पण अर्थ वेगळा. यट्रियम हॉर्नब्लेंडइतकंच, किंबहुना जास्त, गार्नेट या खनिजाला आवडतं. अडीच-तीन अब्ज वर्षांपूर्वी जाड कवचाच्या तळाशी बेसाल्ट वितळला तेव्हा मागे गार्नेट उरलं आणि यट्रियम त्यात अडकलं. धारवाडच्या (दक्षिण भारताच्या जुन्या) पायातल्या करड्या पट्टिताश्मांत हे गुणोत्तर वर असतं ते बहुधा यामुळे. शिवाय हवामानानं फेल्डस्पार कुजला की स्ट्रॉन्शियम निघून जातं आणि गुणोत्तर खाली पडतं, तीही एक भानगड. म्हणजे हा आकडा शिलारस ओला होता का एवढंच सुचवू शकतो. त्यात तांबं उरलं होतं का, ते थांबलं का, याबद्दल तो गप्प आहे. मला वाटतं, नुसत्या या गुणोत्तरावर नकाशे रंगवणाऱ्या निबंधांवर जरा जास्तच विश्वास ठेवला जातो.

याहून चांगला साक्षीदार झिरकॉन, दगडातलं एक बारीक खनिज. तो कुजत नाही आणि शिलारसात ऑक्सिजन किती होता हे त्याच्यातल्या सिरियम आणि युरोपियम या मूलद्रव्यांवरून वाचता येतं. पण त्याला लेझरचं यंत्र लागतं. आमच्या बजेटात ते नाही, म्हणून प्रबंधात एक परिच्छेद आणि पुढे.

६ मार्च

विभागाच्या कपाटात मलंजखंडचा एक तुकडा आहे. पांढऱ्या क्वार्ट्झमध्ये पिवळंधमक कॅल्कोपायराइट. बालाघाट जिल्ह्यातली ही खाण ग्रॅनाइटात आहे आणि तिच्यातल्या मॉलिब्डेनाइट या खनिजाचं वय सुमारे २४९ कोटी वर्षं निघालंय. ती पॉर्फिरी म्हणावी की नाही यावर अजून भांडणं आहेत. इतके जुने पॉर्फिरी साठे जगात मोजकेच, कारण उथळ जागी बनलेली गोष्ट झिजून जाते. चिलीतले मोठे साठे पाच कोटी वर्षांच्याही अलीकडचे. देगलूरचे दगड आज जे दिसतात ते एकेकाळी कित्येक किलोमीटर खोल होते. वर काही असलंच तर ते गोदावरी आणि मांजरेच्या आधीच्याच कुठल्या तरी नद्यांनी वाहून नेलं.

तोंडी परीक्षेत एक प्रश्न येणार हे सरांनी आजच सांगितलं: मग बेसाल्टातून तांबं कधीच मिळत नाही का? मिळतं. सैबेरियातलं नोरिल्स्क. तोही आपल्यासारखाच बेसाल्टी लाव्ह्याचा प्रदेश. तिथे वर येणाऱ्या रसानं वाटेतले गंधकाचे थर गिळले, भरपूर तर्री सुटली आणि कवचाच्या तळाशी न जाता वरच एका जागी साचली. निकेल, तांबं, पॅलेडियम, सगळं त्यात. पॉर्फिरीत जी तर्री सुटू नये म्हणून धडपड, इथे तीच खाण.

१२ मार्च

प्रबंध बांधायला दिला. पितळी चाळणीचं प्रकरण मी पद्धतीच्या भागात पूर्ण लिहिलंय, दोन्ही वेळचे आकडे शेजारी शेजारी. जोडीदाराला ते नको होतं. सर म्हणाले, राहू दे.

मामांनी चाळणीच्या कडेला पांढरी पट्टी चिकटवून स्केचपेननं लिहिलंय: ‘तांबे-जस्त मोजायचे असल्यास वापरू नये.’ खाली माझं नाव आणि तारीख. नाव खोडायला सांगितलं तर म्हणाले, "ज्यानं शोधलं त्याचंच नाव असतंय."

गावाहून फोन होता. विहिरीला पाणी लागलं. हिरव्या दगडाचा ढीग बांधावर पडलाय, टाकायचा का विचारत होते. चार चांगले बाजूला काढा म्हटलं, कपाटात मलंजखंडच्या शेजारी ठेवायला.